बियाणे सर्वांचे, जबाबदारी कोणाची?
रायपूरचा धानसंग्रह आणि मुक्त शिक्षणाचा प्रश्न

रायपूर शहरातील चौबे कॉलोनी परिसर तेथील मराठी माणसाच्या चांगल्या परिचयाचा आहे. महाराष्ट्र मंडळ याच परिसरात आहे, आणि भोसल्यांच्या राजवटीपासून वेगवेगळ्या काळात छत्तीसगडात येऊन स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांचे येथे नित्य येणे-जाणे असते. या परिसरातील किराणा दुकानात तांदूळ घ्यायला गेलेल्या गृहिणीला ‘एचएमटी’ हे नाव समजावून सांगावे लागत नाही. बारीक दाण्याचा, शिजल्यावर मऊ राहणारा रोजच्या जेवणातला तांदूळ म्हणून तो छत्तीसगडच्या बाजारात सर्वपरिचित आहे. हे वाण मात्र कोणत्याही मोठ्या प्रयोगशाळेत जन्मले नाही. ते चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यातल्या नांदेड या लहानशा गावी, एका अल्पभूधारक शेतकऱ्याच्या बांधीत निपजले.

याच रायपूर शहराच्या दुसऱ्या बाजूला, कृषकनगरात, इंदिरा गांधी कृषी विद्यापीठ आहे. तेथे छत्तीसगड आणि मध्य प्रदेशातील शेतकऱ्यांकडून गोळा केलेल्या हजारो धानवाणांचा संग्रह जतन केलेला आहे. ताटातला एचएमटी आणि शीतगृहातला हा संग्रह एकत्र ठेवून पाहिल्यास एक अवघड प्रश्न समोर येतो. जे ज्ञान कोणीही घ्यावे, वापरावे, बदलावे आणि पुढे द्यावे असे आपण मानतो, त्या ज्ञानाची राखण कोणी करावयाची? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे.

‘मुक्त स्रोत’ म्हणजे काय?

‘मुक्त स्रोत’ ही संज्ञा संगणकाच्या क्षेत्रातून आली. १९८३ मध्ये अमेरिकेतील संगणकतज्ज्ञ रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त आज्ञावलींचा प्रकल्प जाहीर केला, आणि १९८९ मध्ये त्या विचाराला कायदेशीर रूप देणारा ‘जनरल पब्लिक लायसन्स’ हा परवाना प्रसिद्ध झाला. या परवान्याने वापरकर्त्याला आज्ञावली चालविण्याचे, तिचा अभ्यास करण्याचे, तीत बदल करण्याचे आणि ती इतरांना देण्याचे स्वातंत्र्य दिले. त्याबरोबर एक अटही घातली. बदललेली आज्ञावली ज्याने पुढे दिली, त्याने ती त्याच मोकळेपणाने दिली पाहिजे. मिळालेले स्वातंत्र्य पुढच्या माणसाकडून काढून घेण्याचे स्वातंत्र्य तेवढे या परवान्यात नाही.

हीच कल्पना पुढे शैक्षणिक साहित्यात आली. लेखकाचे श्रेय द्यावे आणि त्याच अटीवर साहित्य पुढे द्यावे, अशा परवान्यांवर आज विकिपीडियासारखे ज्ञानकोश उभे आहेत. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेनेही २०१३ मध्ये मुक्त प्रवेश धोरण स्वीकारले. सार्वजनिक निधीतून झालेल्या संशोधनाचे लेख, प्रबंध आणि अहवाल सर्वांना उपलब्ध व्हावेत, हा त्यामागील हेतू होता.

शेतीच्या दृष्टीने पाहिले तर ही कल्पना फार जुनी आहे. शेजाऱ्याच्या बांधीतले धान चांगले उतरले की त्याच्याकडून पायलीभर बी मागून आणावयाचे, आपल्या जमिनीत पेरून पाहावयाचे, त्यातल्या चांगल्या लोंब्या निवडून पुढच्या वर्षासाठी ठेवावयाच्या, आणि कोणी मागितले तर त्याला द्यावयाचे, ही रीत आपल्याकडे शतकानुशतके चालत आली. बियाणे हेच शेतकऱ्याचे पाठ्यपुस्तक होते. ते वाचण्याची परवानगी कोणाला मागावी लागत नसे. मात्र गावात सर्व एकमेकांना ओळखत असल्यामुळे कोणाचे बी कोणाकडे गेले हे सर्वांना ठाऊक असे. भेसळीचे बी देणाऱ्याची पत जात असे, आणि घेऊन परत न करणाऱ्याला दुसऱ्यांदा मिळत नसे. ही जबाबदारी कागदावर लिहिलेली नव्हती, तरी ती पाळली जात होती. बियाणे गावाच्या वेशीबाहेर पडले आणि देणारा-घेणारा एकमेकांना अनोळखी झाले, तेव्हापासून हा तोल बिघडू लागला.

झाडीपट्टीतील तीन लोंब्या

दादाजी रामाजी खोब्रागडे यांची कहाणी या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगी आहे. १९८३ मध्ये ‘पटेल ३’ या वाणाच्या आपल्या धानात त्यांना इतरांहून वेगळ्या दिसणाऱ्या, पिवळसर दाण्यांच्या तीन लोंब्या आढळल्या. त्यांनी त्या वेगळ्या काढून जपल्या, स्वतंत्रपणे पेरल्या, आणि पुढील काही हंगाम निवड करीत बियाणे वाढविले. दाणा बारीक, उतारा चांगला आणि भात रुचकर असल्याने शेजारच्या गावांतून त्याला मागणी येऊ लागली. बाजारात आल्यावर एका व्यापाऱ्याने त्याला त्या काळी लोकप्रिय असलेल्या मनगटी घड्याळाचे नाव दिले, आणि ‘एचएमटी’ हेच नाव रूढ झाले. खोब्रागडे यांनी पुढे ‘डीआरके’, ‘नांदेड चिन्नोर’, ‘विजय नांदेड’ अशी आणखी वाणेही निवडीने तयार केली.

येथे एक बाब सहसा दुर्लक्षिली जाते. ‘पटेल ३’ हे वाण जबलपूरच्या जवाहरलाल नेहरू कृषी विद्यापीठातील डॉ. जे. पी. पटेल यांनी विकसित केले होते. म्हणजे सार्वजनिक संस्थेच्या शास्त्रज्ञाने केलेले काम मोकळेपणाने शेतकऱ्याच्या हाती आले, आणि शेतकऱ्याने त्यावर आपल्या निरीक्षणाची भर घातली. जबलपूरने ‘पटेल ३’ वर कुलूप घातले असते, तर नांदेडच्या बांधीत एचएमटी निपजले नसते. मुक्ततेचे फळ ते हेच.

पुढचा टप्पा मात्र वेगळा आहे. १९९४ मध्ये डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाही येथील केंद्राने खोब्रागडे यांच्याकडून चाचणीसाठी बियाणे घेतले. १९९८ मध्ये त्यातून शुद्ध निवड केलेले वाण ‘पीकेव्ही एचएमटी’ या नावाने प्रसारित झाले. त्या नावात मूळ निवड करणाऱ्या शेतकऱ्याचा उल्लेख नव्हता, आणि श्रेयाचा हा वाद पुढे अनेक वर्षे चालला. शुद्ध निवड करणे हे शास्त्रीय कामच आहे, त्याला श्रम आणि कौशल्य लागते, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ज्या साखळीत जबलपूरचे डॉ. पटेल यांचे नाव वाणाच्या नावातच टिकून राहिले, त्याच साखळीत नांदेडच्या शेतकऱ्याचे नाव गळून पडले. खोब्रागडे यांना राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाने गौरविले, २०१० मध्ये फोर्ब्स नियतकालिकाने त्यांची दखल घेतली, तरी ३ जून २०१८ रोजी त्यांचे निधन झाले तेव्हाही त्यांची आर्थिक ओढाताण संपलेली नव्हती.

हे बियाणे सर्वांसाठी खुले होते, ही तक्रारीची बाब नव्हे. स्वतः खोब्रागडे यांनीही ते इतरांना दिलेच होते. तक्रार अशी की, घेणाऱ्याने घेतल्याची नोंद ठेवावी, मूळ निवड करणाऱ्याचे नाव पुढे न्यावे आणि लाभाचा काही अंश परत पोहोचवावा, असे कोणतेही बंधन त्या व्यवहारात नव्हते. मोकळीक होती, पण तिच्यासोबत यावयास हवी होती ती जबाबदारी नव्हती.

रायपूरचा संग्रह

दुसरे उदाहरण रायपूरचेच आहे. डॉ. राधेलाल हेरेलाल रिछारिया हे भातशास्त्रातील मोठे नाव. १९६० च्या दशकात ते कटक येथील केंद्रीय भात संशोधन संस्थेचे संचालक होते. परदेशी बुटकी वाणे रोग-किडींची पुरेशी तपासणी न करता आणण्यास त्यांनी विरोध केला, आणि त्यांना ते पद सोडावे लागले. पुढे १९७० च्या दशकात मध्य प्रदेश शासनाने रायपूर येथे सुरू केलेल्या भात संशोधन संस्थेची सूत्रे त्यांच्याकडे आली. तेथे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव हिंडून धानाचे हजारो नमुने गोळा केले.

हे काम निव्वळ दाणे गोळा करण्याचे नव्हते. प्रत्येक नमुन्यासोबत त्याचे स्थानिक नाव, कोणत्या जमिनीत ते येते, किती दिवसांत पिकते, पाणी किती मागते आणि त्याचा भात कसा होतो, ही माहिती शेतकऱ्यांकडून नोंदविण्यात आली. एका उदाहरणाने या माहितीचे मोल लक्षात येईल. छत्तीसगडात ‘करगा’ म्हणून ओळखले जाणारे रानधान हे भातशेतीतील त्रासदायक तण आहे. रोपावस्थेत ते लागवडीच्या धानासारखेच हिरवे दिसत असल्याने ते ओळखून उपटणे कठीण जाते. जांभळ्या पानांचे धान पेरले की हिरवे करगा त्यात लगेच उठून दिसते आणि निंदणीत काढता येते. हा अनुभव शेतातला. जांभळ्या पानांच्या वाणांवर पुढे संशोधन झाले, आणि रायपूरच्या विद्यापीठाने ‘श्यामला’ हे जांभळ्या पानांचे वाण शेतकऱ्यांच्या हाती दिले. बांधावरचे शिक्षण आणि प्रयोगशाळेतले शिक्षण एकमेकांना कसे पूरक ठरते, याचा हा नमुना होय.

रिछारिया यांची संस्था काही वर्षांतच बंद पडली. संग्रह कृषी विद्यापीठाच्या व्यवस्थेत गेला आणि १९८७ मध्ये इंदिरा गांधी कृषी विद्यापीठ स्थापन झाल्यावर तो रायपूरच्याच या विद्यापीठाकडे राहिला. रिछारिया यांचा स्वतःचा आग्रह वेगळा होता. वाणे एका जागी साठवून भागणार नाही, ती आपापल्या भूमीत, स्थानिक शेतकऱ्यांच्या देखरेखीखाली, दर हंगामात पिकत राहिली पाहिजेत, असे ते मांडत. त्यासाठी त्यांनी गावपातळीवरील ‘अनुकूलन केंद्रां’ची योजना सुचविली होती. बियाणे आणि ते ओळखणारी नजर या दोन्ही गोष्टी सोबतच टिकतात, हा त्या योजनेचा गाभा होता. शीतगृहात दाण्याची उगवणशक्ती टिकते. तो दाणा कोणत्या महिन्यात, कोणत्या जमिनीत, कशासाठी पेरावयाचा हे ज्ञान मात्र शीतगृहात टिकत नाही.

२००२ मधील धडा

२००२ च्या अखेरीस या संग्रहावरून मोठे वादळ उठले. सिंजेंटा या बहुराष्ट्रीय बियाणे कंपनीला संशोधनासाठी हा संग्रह खुला करून देण्याच्या करारावर विद्यापीठाची बोलणी चालू असल्याचे उघड झाले. त्या वेळी संग्रहातील नमुन्यांची संख्या १९,००० हून अधिक सांगितली जात होती. छत्तीसगडातील शेतकरी संघटना आणि नागरिकांनी तीव्र विरोध केला, आणि डिसेंबर २००२ मध्ये कंपनीने माघार घेतली.

हा प्रसंग पुष्कळदा शेतकऱ्यांचा विजय म्हणून सांगितला जातो, आणि तो विजय होताच. तरीही त्यातील दुसरी बाजू पाहणे आवश्यक आहे. विद्यापीठापुढे खरी अडचण होती. हजारो नमुन्यांचे जतन फुकट होत नाही. ठरावीक काळाने प्रत्येक नमुना शेतात पेरून ताजे बी घ्यावे लागते, भेसळ काढावी लागते, नोंदी अद्ययावत ठेवाव्या लागतात, आणि हा खर्च दरवर्षीचा असतो. ज्या शेतकऱ्यांनी हे बियाणे विश्वासाने दिले होते त्यांना करारासंबंधी विचारलेही गेले नव्हते, ही त्यांची तक्रार रास्त होती. पण माघारीनंतरही प्रश्न शिल्लक राहिला. कंपनीला संग्रह मिळू नये हे ठरले. शेतकऱ्याला तो कसा मिळावा हे त्या आंदोलनाने ठरले नाही.

म्हणजे एचएमटीच्या बाबतीत दार उघडे होते, पण त्यातून कोण काय घेऊन गेले याची नोंद नव्हती. रायपूरच्या बाबतीत दार वेळीच बंद झाले, पण आतल्या ठेव्याचा मूळ धन्याशी संबंध कसा जोडावा हा प्रश्न बाकी राहिला. निव्वळ उघडे दार पुरत नाही आणि निव्वळ बंद दारही पुरत नाही, एवढे या दोन उदाहरणांतून निश्चित दिसते.

कायदे आणि प्रतिज्ञा

त्या वेळी कायद्याची चौकट अपुरी होती. वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क अधिनियम २००१ मध्ये संमत झाला होता, पण त्याची अंमलबजावणी करणारे प्राधिकरण २००५ मध्ये स्थापन झाले. जैविक विविधता विधेयक संसदेने संमत केले ते नेमके त्याच डिसेंबर २००२ मध्ये. आज हे दोन्ही कायदे आपल्या हाती आहेत.

पहिल्या कायद्याचे कलम ३९ शेतकऱ्याच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. संरक्षित वाणाचेही बियाणे राखून ठेवणे, पेरणे, पुन्हा पेरणे, अदलाबदल करणे, वाटून देणे आणि विकणे हा शेतकऱ्याचा हक्क या कलमाने मान्य केला. मर्यादा एवढीच की, संरक्षित वाणाचे बियाणे छाप लावून, वेष्टनबंद नाममुद्रित बियाणे म्हणून शेतकऱ्याला विकता येत नाही. याच कायद्यात शेतकऱ्यांनी विकसित केलेल्या वाणांची नोंदणी, लाभाचे वाटप आणि राष्ट्रीय जनुक निधी यांचीही तरतूद आहे. जैविक विविधता कायद्यानुसार स्थानिक पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समित्या स्थापन होतात आणि लोक जैवविविधता नोंदवही तयार केली जाते. या नोंदवहीच्या संकल्पनेमागे डॉ. माधव गाडगीळ यांच्यासारख्या मराठी शास्त्रज्ञाचे मोठे योगदान आहे.

आंतरराष्ट्रीय पातळीवर २००४ मध्ये अमलात आलेला वनस्पती जनुकीय संपत्तीचा करार धानासह अनेक पिकांचे नमुने ठरावीक अटींवर सदस्य देशांना उपलब्ध करून देतो. घेणाऱ्याने ते साहित्य ज्या स्वरूपात मिळाले त्या स्वरूपात त्यावर एकाधिकार सांगू नये, अशी त्यातील अट आहे. ही अट उपयुक्त असली तरी तीत एक फट राहते. मिळालेल्या साहित्यात बदल करून निर्माण झालेल्या नव्या वाणाबाबत ती तितकी कठोर नाही.

ही फट बुजविण्याचा एक प्रयत्न अमेरिकेत झाला. विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन येथे एप्रिल २०१४ मध्ये ‘ओपन सोर्स सीड इनिशिएटिव्ह’ या गटाने १४ पिकांची ३६ वाणे मुक्त बियाणे म्हणून जाहीर केली. प्रारंभी त्यांनी संगणक क्षेत्रासारखा कायदेशीर परवाना तयार करण्याचे ठरविले होते. तो इतका लांबलचक झाला की बियाण्याच्या पाकिटावर छापणे अशक्य ठरले. अखेरीस त्यांनी चार ओळींची प्रतिज्ञा स्वीकारली. तिचा आशय असा की, हे बियाणे हवे तसे वापरा, पण त्यावर किंवा त्यापासून तयार केलेल्या वाणांवर इतरांना मज्जाव करू नका, आणि बियाणे पुढे देताना ही प्रतिज्ञाही सोबत द्या. परवान्याइतके कायद्याचे बळ प्रतिज्ञेला नाही. मात्र ती शेतकऱ्याला वाचता येते, समजते आणि तोंडी सांगता येते. आपल्याकडे वचनावर चालणारे व्यवहार नवे नाहीत, म्हणून या मार्गाचा आपण गांभीर्याने विचार करावा.

शिकणाऱ्याची पाच कर्तव्ये

शेतकरी, विद्यार्थी, शास्त्रज्ञ किंवा विस्तार कार्यकर्ता, जो कोणी मुक्त बियाणे अथवा मुक्त ज्ञान घेतो, त्याच्यावर पुढील पाच गोष्टींचे दायित्व येते असे वाटते.

पहिले, उगमाची नोंद. बियाणे कोणाकडून, कोणत्या गावाहून, कोणत्या नावाने आणि कोणत्या वर्षी मिळाले, हे लिहून ठेवावे. एकाच वाणाला दोन गावांत दोन नावे असतात आणि एकाच नावाखाली दोन वेगळी वाणेही असतात. त्यामुळे निव्वळ नावाची नोंद पुरत नाही, गाव आणि देणारा यांचीही नोंद हवी.

दुसरे, शुद्धता. धान हे मुख्यतः स्वपरागित पीक असल्याने त्याची शुद्धता राखणे इतर पिकांच्या मानाने सोपे आहे. बीजोत्पादनासाठी दोन वाणांत किमान ३ मीटर अंतर ठेवावे, फुलोऱ्यापूर्वी, फुलोऱ्यात आणि कापणीपूर्वी विजातीय रोपे उपटून टाकावीत, प्रत्येक वाणासाठी खळे व पोती स्वच्छ करून घ्यावीत, आणि बी १३ टक्क्यांपेक्षा अधिक ओलाव्यावर साठवू नये. भेसळीचे बी पुढे देणे म्हणजे चुकीचा धडा पुढच्या वर्गाला शिकविणे होय.

तिसरे, परतावा. जुन्या सावकारीत ‘वाढीदिढी’ची चाल होती. एक खंडी धान उसने घेतले की दीड खंडी परत करावे लागे, आणि ती वाढ सावकाराच्या कोठारात जाई. आजच्या सामुदायिक बियाणे बँकांनी हाच हिशेब लोकांच्या बाजूने वळविला आहे. घेतले त्याहून अधिक बियाणे हंगामानंतर परत करावयाचे आणि त्या वाढीतून पुढच्या शेतकऱ्याला द्यावयाचे. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, कोंभाळणे येथे पद्मश्री राहीबाई पोपेरे यांनी बायफच्या सहकार्याने उभारलेली बियाणे बँक महाराष्ट्रात सुपरिचित आहे. ओडिशात डॉ. देबल देब यांनी हजाराहून अधिक देशी धानवाणे दरवर्षी प्रत्यक्ष पेरून जिवंत ठेवली आहेत आणि ती शेतकऱ्यांना ते विनामूल्य देतात.

चौथे, अपयशाची प्रामाणिक माहिती. वाण आपल्या जमिनीत आले नाही, लोळले, करप्याला बळी पडले किंवा उशिरा पिकले, तर तेही कळविले पाहिजे. संगणकाच्या मुक्त आज्ञावली सुधारत जातात त्या वापरणारे दोष कळवितात म्हणून. आपल्याकडे प्रात्यक्षिकांचे यश छापून येते, अपयश बांधावरच राहते. परिणामी दुसऱ्या गावचा शेतकरी तीच हानी पुन्हा सोसतो.

पाचवे, पुढच्यावर कुलूप न घालणे. ज्याला मोकळेपणाने मिळाले त्याने मोकळेपणाने द्यावे. त्यात मूळ देणाऱ्याचे नाव असावे आणि आपण काय भर घातली हेही स्पष्ट असावे.

समान नव्हे, सामाईक

या पाच कर्तव्यांचा भार कोणी किती उचलावा, हा सर्वांत नाजूक मुद्दा आहे. जबाबदारी सामाईक आहे असे म्हटले की ती सर्वांवर सारखी पडते, असा समज होतो. दीड एकरावर कुटुंब पोसणाऱ्या शेतकऱ्याने नोंदवह्या ठेवाव्यात, विलगीकरण अंतर सोडावे, परतावा द्यावा, आणि संस्थांनी मात्र आभाराची एक ओळ छापावी, असे घडल्यास मुक्ततेच्या नावाखाली दुर्बळाकडून बलवानाकडे वाहणारा एकतर्फी ओघ तयार होतो. खोब्रागडे यांच्या बाबतीत हेच घडले. म्हणून नियम असा असावा की, ज्याची क्षमता अधिक आणि ज्याला लाभ अधिक, त्याच्यावर दायित्वही अधिक.

त्या नियमाने शेतकऱ्याने बी शुद्ध ठेवावे, पुढे द्यावे आणि अनुभव सांगावा. त्या अनुभवाची नोंद घेणे, वाण नोंदणीसाठी शेतकऱ्याला साह्य करणे आणि प्रसारित वाणाच्या माहितीपत्रकात मूळ निवडकर्त्याचे नाव छापणे हे संशोधन संस्थेचे काम. जनुकपेढीच्या दरवर्षीच्या जतनखर्चाची तरतूद शासनाने केली पाहिजे. ती नसेल तर २००२ सारखे प्रसंग पुन्हा उद्भवतील, कारण पैशाची गरज असलेली संस्था कोणाशी ना कोणाशी करार करणारच. आणि ज्या व्यावसायिकाला या ठेव्यातून नफा होतो त्याने कायद्यानुसार लाभाचा वाटा जनुक निधीत भरला पाहिजे.

सामाईक हक्काचा एक आश्वासक नमुना छत्तीसगडातच तयार होत आहे. सरगुजाच्या ‘जीराफूल’ तांदळाला २०१९ मध्ये आणि धमतरी जिल्ह्यातील ‘नगरी दुबराज’ला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हे मानांकन एका व्यक्तीची मालमत्ता नसते, ते त्या प्रदेशातील उत्पादकांचे असते. त्यामुळे ते नाव कोणालाही हिरावून नेता येत नाही. त्याचबरोबर दुबराजच्या नावाखाली कोणी दुसरेच धान विकले, तर नुकसान सर्वांचे होते आणि राखणही सर्वांनाच करावी लागते. हक्क आणि दायित्व एकाच गाठीत बांधलेले असतात ते असे.

येत्या खरिपासाठी

देशात आज ७०० हून अधिक कृषी विज्ञान केंद्रे आहेत. रिछारिया यांनी सुचविलेल्या अनुकूलन केंद्रांसाठी नवी इमारत उभारण्याची गरज नाही. विदर्भाच्या धानपट्ट्यातील आणि छत्तीसगडच्या लगतच्या जिल्ह्यांतील केंद्रांनी प्रत्येकी आठ-दहा स्थानिक वाणे निवडली, ती दोन-तीन गावांतील इच्छुक शेतकऱ्यांच्या बांधीत दरवर्षी पेरली, आणि रायपूर, सिंदेवाही येथील संशोधकांनी त्यांना हंगामातून दोनदा भेट दिली, तरी पुष्कळ साधेल. संग्रहातील दाणा शेतात येईल आणि शेतातली माहिती संग्रहाच्या नोंदीत जाईल. वयोवृद्ध शेतकऱ्यांपाशी असलेली वाणांची ओळख त्यांच्यासोबत नाहीशी होण्यापूर्वी हे व्हावयास हवे. त्या ज्ञानाची दुसरी प्रत कोणत्याही शीतगृहात नाही.

सुरुवात अगदी लहान असू शकते. येत्या खरिपापूर्वी आपल्या संस्थेतून, केंद्रातून किंवा घरातून जे बियाणे दुसऱ्याला दिले जाईल त्याच्या पिशवीत एक चिठ्ठी ठेवावी. तीवर वाणाचे नाव, ते मूळ कोणी निवडले किंवा कोणत्या गावाहून आले, कोणत्या वर्षीचे बी आहे आणि घेणाऱ्याने हंगामानंतर काय कळवावे व किती परत द्यावे, एवढे लिहिलेले असावे. एचएमटीच्या पहिल्या पोत्यांत अशी एक चिठ्ठी असती, तर रायपूरच्या बाजारात त्या तांदळासोबत दादाजी खोब्रागडे हे नावही पोहोचले असते.